फोनवरून ऐकलेलं इंजिन

जुन्या प्रीमियर पद्मिनीचं इंजिन उभ्या गाडीत संथ चालू असताना दोन तऱ्हेची टक्‌टक् ऐकू येऊ शकते. एक दर ०.१५ सेकंदाला, दुसरी दर ०.०७५ सेकंदाला. पहिली असेल तर बहुधा पाना, पेचकस आणि एक पातळ पोलादी पट्टी एवढ्यावर भागतं. दुसरी असेल तर इंजिन खाली उतरवायची वेळ आलेली असू शकते. आणि हा निवाडा करायला फिटर बोनेटपाशी हजर असावाच लागतो असं नाही. मालक कोल्हापुरात, फिटर मुंबईत, आणि मधे तीस सेकंदांचं रेकॉर्डिंग, एवढ्यावरही तो पुष्कळदा होतो. यातलं गणित कळल्यावरही मला त्याचं नवल वाटायचं थांबलेलं नाही.

गणित तसं सोपं आहे. इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्या घेत असेल तर क्रँकशाफ्टच्या एका फेरीला ०.०७५ सेकंद लागतात. व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट मात्र निम्म्या वेगाने फिरतो, म्हणजे प्रत्येक व्हॉल्व्ह दोन फेऱ्यांत एकदाच उघडतो. व्हॉल्व्ह ढकलणारा एखादा टॅपेट ढिला झाला की तो दर दोन फेऱ्यांना एकदा वाजतो. क्रँकच्या बेअरिंगमधली ढिलाई दर फेरीला ठोका देऊ शकते. तबला शिकलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही: एक ठाय, दुसरी तिची दुगुन. गंमत अशी की मोजपट्टीही त्याच आवाजात दडलेली असते. चार सिलिंडर दोन फेऱ्यांत मिळून चार वेळा पेट घेतात. सायलेन्सरमधून येणारे ते चार धक्के मोजायचे आणि टक्‌टक् दर चार धक्क्यांना येते की दर दोन, एवढं पाहायचं. फेऱ्या किती आहेत हे माहीत नसलं तरी चालतं. रेकॉर्डिंग संगणकावरच्या एखाद्या साध्या ध्वनीच्या प्रोग्राममध्ये उघडलं तर ठोके पडद्यावर उभ्या रेघांसारखे दिसतात आणि त्यांच्यातलं अंतर सरळ मोजता येतं.

अर्थात इंजिन इतकंही सरळ नसतं. कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग गेलं असेल तर त्याचा मोठा ठोका पेट घेण्याच्या वेळीच बसतो, म्हणजे तोही दोन फेऱ्यांत एकदा, टॅपेटची नक्कल केल्यासारखा. म्हणून जाणकार पुढची परीक्षा सांगतो: एकेका प्लगची वायर काढून अर्थ कर आणि पुन्हा ऐकव. त्या सिलिंडरमधला स्फोट थांबला की रॉडवरचा भार जातो आणि ठोका मवाळ होतो. टॅपेटला त्याचं काही नसतं, तो वाजतच राहतो. मग टॅपेटचं झाकण काढून, चालू इंजिनात एकेका फटीत फिलर गेजची पट्टी सरकवायची. ज्या फटीत पट्टी गेल्यावर आवाज थांबतो, तो गुन्हेगार.

एक सूचना नवख्यांना हमखास चमत्कारिक वाटते. फोन करून इंजिन ऐकवू नकोस, रेकॉर्ड करून फाइल पाठव. कारण बोलण्यासाठी केलेली ॲप माणसाचा आवाज तेवढा पुढे जाऊ देतात आणि बाकी सगळं गोंगाट समजून गाळतात. ती कामात इतकी चोख असतात की मालक चालू इंजिनावर फोन धरून उभा असतो आणि पलीकडच्याला ऐकू येते ती शांतता.

दुरून निदान करण्याची हौस मात्र या ॲपपेक्षा बरीच जुनी आहे. अमेरिकेत बोस्टनच्या रेडिओवर १९७७ पासून टॉम आणि रे मॅग्लिओझी हे दोघे भाऊ, दोघेही एमआयटीत शिकलेले आणि गॅरेज चालवलेले, लोकांच्या गाड्यांची दुखणी फोनवर ऐकत. पुढे ‘कार टॉक’ नावाने तो कार्यक्रम देशभर गेला आणि २०१२ पर्यंत नवे भाग होत राहिले. फोन करणाऱ्याला ते गाडीचा आवाज तोंडाने काढून दाखवायला लावत. भारदस्त माणसं राष्ट्रीय रेडिओवर घरघर, कुईकुई, खडखड करत आणि दोघे भाऊ खदाखदा हसत. पण त्या कुईकुईत ताल असे, वेग वाढला की ती वाढते का हे कळे आणि तेवढ्यावर अर्ध्या शंका गळून पडत. कधीकधी ते जुन्याच माणसाला पुन्हा फोनवर घेत आणि आपला सल्ला बरोबर निघाला की नाही हे सगळ्यांसमोर विचारत. तो नेहमीच बरोबर निघत नसे. सल्ला देणाऱ्यांमध्ये ही खोड मला फार मोलाची वाटते, आणि दुर्मीळही.

आपल्याकडे अशा सल्ल्याची गरज वाढण्याचं कारण मुंबईच्या रस्त्यावर दिसतं, किंवा आता दिसत नाही. फियाटने १९५३ साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात ‘११००-१०३’ आणली. तिचीच पुढची आवृत्ती १९६४ पासून वालचंद हिराचंदांनी उभ्या केलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात बनू लागली आणि सत्तरच्या दशकात तिचं ‘पद्मिनी’ झालं. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर. मुंबईची काळी-पिवळी म्हणजे हीच, असं समीकरण कित्येक वर्षं होतं. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्यामुळे ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली. टॅक्सीच्या आधारावर जगणारे फिटर मग दुसऱ्या कामाला लागले किंवा गावी गेले. हौसेने जपलेल्या गाड्या गल्लोगल्ली उरल्या, पण इंजिन नुसतं ऐकून पाना उचलणारा माणूस आता शेजारच्या गॅरेजात असेलच असं नाही. तो फोनवर असतो.

तो प्रश्न कसे विचारतो ते ऐकण्यासारखं असतं. समजा मालक म्हणाला, “काका, गाडी गरम झाली की बंद पडते.”

“बंद पडते म्हणजे कशी रे? आचके देत देत, का एकदम फट्‌कन?”

“आधी थोडे आचके देते.”

“आणि पुन्हा सुरू कधी होते?”

“पंधरावीस मिनिटं थांबलो की लगेच.”

“बरं. पुढच्या वेळी बंद पडली की सेल्फ मारत बसू नकोस. पेट्रोलच्या पंपावर ओलं फडकं टाक आणि मग बघ.”

एवढ्या बोलण्यात बरंच काही उरकलेलं असतं. ठिणगी तुटली तर गाडी सहसा एकदम मरते. पेट्रोल कमी पडलं तर कार्बोरेटरच्या वाटीत उरलेलं संपेपर्यंत आचके देत मरते. ओलं फडकं हा जुन्या टॅक्सीवाल्यांचा उपाय खराच, पण इथे तो प्रयोगही आहे. इंजिनाला चिकटलेला पंप तापून आत पेट्रोलची वाफ झाली असेल तर फडक्याने गाडी लवकर सुरू होईल. झाली नाही, तर संशय ठिणगी देणाऱ्या कॉइलकडे वळवायचा, कारण तापल्यावर दगा देणारी कॉइलही थंड झाली की शहाण्यासारखी वागते.

टायमिंगची, म्हणजे ठिणगी नेमकी कधी पडते याची, गोष्ट मला सगळ्यांत आवडते. गॅरेजात त्यासाठी टायमिंग लाइट वापरतात. पहिल्या सिलिंडरच्या प्रत्येक ठिणगीबरोबर तो लखलखतो, ८०० फेऱ्यांना मिनिटाला ४०० वेळा, आणि गरगर फिरणाऱ्या पुलीवरची खूण जागच्या जागी थिजल्यासारखी दिसते. डोळ्याला दिसतं ते फोनच्या कॅमेऱ्याला मात्र जमत नाही. बहुतेक फोन चित्र एकेका ओळीने वरून खाली टिपतात आणि तो लखलखाट इतका क्षणिक असतो की चित्रात फक्त एक उजळ पट्टा उमटतो. खूण त्या पट्ट्यात सापडली तर नशीब.

मग जाणकार काळाच्या मागे जातो आणि १२ व्होल्टचा एक साधा बल्ब मागवतो. त्याची एक वायर कॉइलच्या डिस्ट्रिब्युटरकडे जाणाऱ्या टोकाला, दुसरी गाडीच्या धातूला. चावी लावायची, पण इंजिन चालू करायचं नाही. डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट मिटलेले असतात तोवर करंट त्यांतून निसटतो आणि बल्ब विझलेला राहतो. ते उघडले की बल्ब लागतो. पॉइंट उघडतात त्याच क्षणी कॉइलमधलं चुंबकक्षेत्र कोसळतं आणि हजारो व्होल्टची ठिणगी पडते, म्हणजे बल्ब लागण्याचा क्षण हाच ठिणगीचा क्षण. इंजिन हाताने हळूहळू फिरवायचं, गाडीच्या पुस्तकात दिलेल्या खुणेवर आणून थांबायचं, डिस्ट्रिब्युटर ढिला करून केसभर इकडेतिकडे फिरवायचा आणि बल्ब नेमका तिथे लागला की आवळायचा. मिनिटाला ३००० फेऱ्या घेताना सेकंदाला शंभर वेळा घडणारी ही घटना एका बल्बच्या लागण्या-विझण्यावर येते. आणि लागला की विझला, एवढं तर कितीही खराब व्हिडिओत दिसतं.

फोटो मात्र फसवतात. काढलेल्या प्लगचं टोक सिलिंडरच्या आत काय चाललंय ते दाखवतं: फिकट तपकिरी असेल तर ठीक, कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त, ओलं तेलकट काळं असेल तर ऑइल आत शिरतंय, पांढरंफटक असेल तर पेट्रोल कमी किंवा उष्णता जास्त. पण फोन आपल्या मर्जीने रंग बदलतो आणि ट्यूबलाइटखाली तपकिरीचं राखाडी होतं. त्यामुळे प्लगशेजारी पांढरा कागद ठेवून दिवसाउजेडी फोटो काढायचा. शिवाय जुन्या पुस्तकांतले रंग शिसंयुक्त पेट्रोलच्या काळातले आहेत. ते पेट्रोल भारतात २००० साली बंद झालं, आताच्या पेट्रोलवर निरोगी प्लगही जास्त फिका दिसतो. नुसत्या पुस्तकावर विसंबलं तर धडधाकट इंजिनावर इलाज सुरू व्हायचा.

आकडे हे सगळ्यांत प्रामाणिक प्रवासी. चार सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजलं आणि रीडिंग १२०, ११८, ६०, ५८ असं आलं, तर शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम पडलेत हे पाहून जाणकार हेड गॅसकेटकडे बोट दाखवतो, कारण त्या दोघांच्या मधली भिंत फुटली की दोघांचाही दाब जातो. एकाच सिलिंडरचा आकडा कमी असेल तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजायला सांगतो. आकडा वर आला तर रिंगा झिजलेल्या, नाही आला तर व्हॉल्व्हवर संशय. चमचाभर ऑइलने क्षणभर रिंगांची फट भरते, एवढंच त्यामागचं तत्त्व.

आणि मग एक असा प्रश्न येतो की ज्याचं उत्तर मूळ पुस्तकात असणं शक्यच नव्हतं. २०२५ पर्यंत देशभरच्या पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आलं. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला सुमारे ९. मिश्रणाला साडेतेराच्या आसपास. आजच्या गाडीतला संगणक धूर हुंगून हा फरक भरून काढतो. कार्बोरेटरला त्याचा पत्ताच नसतो, तो जुन्याच मापाने पेट्रोल सोडतो आणि इंजिन आठेक टक्के उपाशी चालतं. पिकअप जातो, थंड इंजिन कुरकुरतं.

इलाज आहे तो मेन जेटमध्ये, म्हणजे मधे भोक असलेल्या एका इवल्याशा पितळी स्क्रूत. सोलेक्स कार्बोरेटरच्या जेटवरचा आकडा भोकाचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागात सांगतो. पेट्रोल किती जाणार हे भोकाच्या क्षेत्रफळावर ठरतं आणि क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गावर. उदाहरणार्थ ११५ च्या जागी १२० चा जेट लावला, म्हणजे व्यास मिलिमीटरचा विसावा भाग वाढवला, की क्षेत्रफळ जवळजवळ नऊ टक्क्यांनी वाढतं. पाच शतांश मिलिमीटरवर गाडीचा सगळा स्वभाव टांगलेला असतो. जेट तारेने खरवडून साफ करणाऱ्यांनी इथे जरा थांबून विचार करावा. तोरिनोजवळच्या एखाद्या इटालियन हौशीने याच इंजिनाला सुचवलेला जेटचा आकडाही जसाच्या तसा उचलू नये. इंजिन तेच असलं तरी त्याच्या पंपावरचं पेट्रोल वेगळं. आकडा घ्यायचा तो इथल्या पंपावर गाडी भरणाऱ्याकडून. इथेनॉलने जुन्या रबरी नळ्या फुगतात आणि चिरतात, त्याही त्याच बैठकीत बदलायच्या, कारण चिरलेली नळी आणि तापलेला सायलेन्सर एकमेकांपासून फार लांब नसतात.

काही गोष्टी मात्र फोनमधून जातच नाहीत. ब्रेक दाबल्यावर पायाखाली तो स्पंजासारखा दबतो की घट्ट लागतो, स्टिअरिंग हातात किती सैल आहे, बोल्ट आवळताना आटे सुटायच्या आधी हाताला काय कळतं, पेट्रोलचा वास नेमका कुठून येतोय. बोल्टच्या बाबतीत टॉर्क पाना हाताची जागा घेतो, त्याच्यावरचा आकडा फोनवर सांगता येतो. ब्रेकच्या बाबतीत असा आकडा नाही. म्हणून टॅपेट, प्लग, पॉइंट, जेट यांवर तासभर उत्साहाने बोलणारे काका ब्रेकचा विषय निघाला की एकदम तुटक होतात. “ते फोनवर नाही सांगणार. गाडी टो करून आण, नाहीतर तिथला चांगला फिटर बघ. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरू नकोस, स्टँड लावलेत का आधी सांग.”