माहिती आमची, मांडणी कुणाची?

एचआयव्हीचा संसर्ग भारतात पहिल्यांदा आढळला तो 1986 साली, तेव्हाच्या मद्रासमध्ये, देहविक्रय करणाऱ्या काही स्त्रियांच्या रक्तनमुन्यांत. डॉ. सुनीती सोलोमन यांच्या मार्गदर्शनाखाली सेल्लप्पन निर्मला या विद्यार्थिनीने ते नमुने गोळा केले होते. या शोधाचे श्रेय योग्य माणसांना मिळाले. पण त्या दिवसापासून एक विभागणीही पक्की झाली. एका बाजूला रक्त आणि माहिती देणारे, दुसऱ्या बाजूला ती तपासून मांडणारे. पुढची अनेक वर्षे वेश्यावस्तीतली बाई, समलिंगी पुरुष, तृतीयपंथी, ट्रकचालक हे सगळे संशोधनाचे विषय राहिले. त्यांतले कोणी संशोधक होऊ शकेल, हे फारसे कुणाच्या मनात आले नाही. या लेखात मला त्या विभागणीविषयी आणि ती जिथे ओलांडली गेली त्या जागांविषयी लिहायचे आहे.

विषयाशी माझा संबंध आला तो गावामुळे. मी गोंदिया जिल्ह्यातल्या सौंदडला राहतो. पूर्वीचा सहा नंबरचा आणि आताचा 53 क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग गावाजवळून जातो, गोंदियाहून बल्लारशाकडे जाणारी रेल्वेही इथे थांबते. जिथे ट्रक थांबतात आणि माणसे कामासाठी ये-जा करतात, तिथे एचआयव्हीचे सर्वेक्षण पोचतेच. आमच्या भागातली गोंड, हलबा, ढिवर, बौद्ध घरांतली शिकलेली मुले-मुली अशा सर्वेक्षणांत रोजंदारीवर फॉर्म भरतात. त्यांच्याबरोबर मीही काही वर्षे धाब्या-धाब्यांवर फिरलो. भरलेले फॉर्म गठ्ठ्याने शहरात जात. त्यांतून काय निघाले, ते आमच्यापैकी कुणाला कधीच कळले नाही. संशोधनाचे रीतसर शिक्षण माझ्याकडे नाही. त्या न आलेल्या अहवालांमुळे मी या विषयाचे वाचन सुरू केले.

सांगलीत काय घडले

महाराष्ट्रात या प्रश्नाचे सर्वांत ठळक उत्तर सांगलीने दिले. ‘संपदा ग्रामीण महिला संस्था’ म्हणजेच ‘संग्राम’ने 1992 साली मीना सेषू यांच्या पुढाकाराने गोकुळनगर वस्तीत एचआयव्ही प्रतिबंधाचे काम सुरू केले. बाहेरच्या कार्यकर्त्याने येऊन निरोध वाटायचे आणि उपदेश करायचा, ही रीत तिथे टिकली नाही. निरोध वाटण्यापासून गिऱ्हाइकाला कसे पटवायचे इथपर्यंतचे काम वस्तीतल्या बायांनीच हाती घेतले. सरकारी कार्यक्रमाच्या भाषेत त्यांना ‘पीअर एज्युकेटर’ म्हणतात. 1996 साली या बायांची स्वतःची संघटना उभी राहिली, ती ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’, म्हणजे ‘व्हॅम्प’.

पीअर एज्युकेटर असणे आणि संशोधक असणे यांत मात्र अंतर आहे. पहिली दुसऱ्याने ठरवलेला संदेश पोचवते. दुसरी काय विचारायचे ते ठरवते. सांगलीत हे अंतर हळूहळू ओलांडले गेले. ‘संग्राम’ने 2018 साली ‘रेडेड’ हा अभ्यास प्रसिद्ध केला. पोलिसांनी धाडीत उचललेल्या आणि सुधारगृहात ठेवलेल्या बायांचे पुढे काय होते, हा त्याचा विषय. बाहेरचा अभ्यासक सहसा विचारतो, ‘या बाया धंद्यातून बाहेर कशा पडतील?’ वस्तीतली बाई विचारते, ‘आम्हाला वाचवल्यावर आमचे काय होते?’ दोन्ही प्रश्न प्रामाणिक आहेत. पण दुसरा प्रश्न सुचायला त्या गाडीत बसलेले असावे लागते, नाहीतर बसलेल्या बाईजवळ राहिलेले तरी असावे लागते.

दुसरे उदाहरण पुण्याचे. रोहिणी साहनी आणि व्ही. कल्याण शंकर यांचे देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांचे देशव्यापी सर्वेक्षण 2011 साली पुढे आले. 14 राज्यांतल्या सुमारे 3000 स्त्रिया त्यात होत्या. त्यांतल्या अनेकींनी आधी शेतमजुरी, घरकाम, बांधकाम अशी कामे केली होती आणि काही जणी ती सोबतही करत होत्या. बाईच्या कामाचा पूर्ण इतिहास विचारला, म्हणून हे दिसले. केवळ ‘धंद्यात कशी आलीस?’ एवढेच विचारले असते, तर मजुरीची ती वर्षे कागदावर आलीच नसती.

शब्द आणि मोजणी

वस्तीतल्या माणसाला संशोधनात घेणे ही दयाबुद्धीची गोष्ट आहे, असे काहींना वाटते. प्रत्यक्षात मोजणीची अचूकताच त्यावर अवलंबून असते.

आधी शब्द पाहू. फॉर्मवर ‘लैंगिक संक्रमित आजार’ लिहिलेले असते. लोक गरमी, परमा म्हणतात. त्यातही ‘गरमी’ म्हणजे एखाद्याला उपदंश वाटतो, तर दुसऱ्याला नुसती अंगातली उष्णता. ‘नियमित जोडीदार’ हा शब्द तर सर्वांत फसवा. सांगलीकडच्या वस्तीत बाईच्या कायमच्या पुरुषाला ‘मालक’ म्हणतात. तो नवरा नसतो आणि गिऱ्हाईकही नसतो. आमच्याकडे मालक म्हणजे नवरा किंवा काम देणारा. निरोध गिऱ्हाइकापाशी वापरणे आणि मालकापाशी वापरणे या वेगळ्या गोष्टी आहेत, कारण मालकापाशी तो काढणे म्हणजे विश्वासावर बोट ठेवणे. हा फरक ज्याला माहीत नाही, त्याची आकडेवारी नीटनेटकी दिसेल, पण चुकीची असेल.

आता मोजणी. लपून राहणाऱ्या लोकसमूहाची यादी नसते, मग नमुना निवडायचा कसा? डग्लस हेकॅथॉर्न या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने 1997 साली त्यावर एक पद्धत मांडली. सुरुवातीच्या काही माणसांना मोजकी कूपने द्यायची आणि त्यांनी ती आपल्या ओळखीच्यांना द्यायची. कूपन घेऊन येणाऱ्याला विचारायचे, ‘तुझ्या ओळखीत असे किती जण आहेत?’ ज्याच्या ओळखी जास्त, तो नमुन्यात येण्याची शक्यता जास्त, म्हणून हिशेबात त्याचे वजन कमी धरायचे. म्हणजे समूहाच्या आतली ओळखदेख इथे थेट गणितात उतरते. पहिली माणसे कोण निवडायची, हे आतल्या माणसाइतके कुणालाच कळत नाही.

प्रशिक्षण म्हणजे काय

आपल्याकडे प्रशिक्षण म्हणजे तीन दिवसांची कार्यशाळा, जेवण, फाइल आणि प्रमाणपत्र. तेवढ्याने संशोधक तयार होत नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या एड्स प्रतिबंध अभ्यास केंद्राने अल्पसंख्य समूहांत काम करणाऱ्या संशोधकांसाठी वेगळी रीत घातली. निवडलेली माणसे सलग तीन उन्हाळे काही आठवडे केंद्रात येत, स्वतःचा प्रश्न घेऊन. मधल्या काळात आपापल्या गावी लहानसा प्राथमिक अभ्यास करत, त्यासाठी थोडा निधी मिळे. प्रस्ताव सगळ्यांसमोर वाचला जाई आणि त्यावर कठोर चर्चा होई. ठरवून दिलेला मार्गदर्शक वर्षानुवर्षे सोबत राही. जुन्या भाषेत याला गुरुशिष्य म्हणता येईल, फक्त प्रश्न शिष्याचा असतो.

आपल्या जवळ पाहायचे तर मुंबईचा ‘हमसफर ट्रस्ट’ आहे. अशोक राव कवी यांच्या पुढाकाराने 1994 साली सुरू झालेल्या या संस्थेने समलिंगी आणि तृतीयपंथी समूहांत एचआयव्ही प्रतिबंध केला, स्वतःचे संशोधनही उभे केले आणि अभ्यासांच्या नैतिक तपासणीसाठी समिती नेमली. ‘आमच्यावर अभ्यास करायचा तर आधी आम्हाला पटवा,’ असे म्हणण्याची जागा त्यामुळे तयार झाली.

एचआयव्हीशिवायचे उदाहरण तर आमच्या शेजारच्या गडचिरोलीचे. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या 650 स्त्रियांची तपासणी केली. 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोग वा लैंगिक आजार आढळले, आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या जेमतेम 8 टक्के. 1989 साली हे ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. गावातल्या बाया शरीराविषयी काय शब्दांत बोलतात, ते राणी बंग यांनी पुढे ‘कानोसा’त मांडले. आजाराचे शास्त्र आणि बायांचे शब्द एकत्र आले, तेव्हाच हे ज्ञान पूर्ण झाले.

जवळीक आणि जोखीम

आतल्या माणसाने विचारण्यात धोकाही आहे. लहान गावात फॉर्म भरणारी मुलगी उत्तर देणाऱ्या बाईची भाची निघते. मग बाई खोटे सांगते, किंवा खरे सांगते आणि पुढे घाबरून राहते. यावर साधे उपाय आहेत: दुसऱ्या गावचा संशोधक घ्यावा, नावाऐवजी क्रमांक लिहावा, नाजूक उत्तर बाईने स्वतः खूण करून बंद पेटीत टाकावे. 10 सप्टेंबर 2018 पासून लागू झालेल्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार समजून दिलेल्या संमतीशिवाय तपासणी किंवा संशोधन करता येत नाही आणि कुणाची स्थिती उघड करता येत नाही. हा कायदा रोजंदारीवरच्या मुलांना कुणी वाचून दाखवत नाही. गुपित राखणे हा प्रशिक्षणाचा पहिला धडा असायला हवा.

राष्ट्रीय अंदाजानुसार 2019 मध्ये देशात एचआयव्हीसह जगणाऱ्या सुमारे 23.49 लाख माणसांपैकी 3.96 लाख महाराष्ट्रात होती, सर्व राज्यांत सर्वाधिक. यांतली बरीच माणसे कुठल्या ना कुठल्या फॉर्मवर येऊन गेली असतील. 1983 साली अमेरिकेत डेन्व्हरला जमलेल्या एड्सग्रस्तांनी आम्हाला ‘बळी’ म्हणू नका आणि निर्णयांच्या प्रत्येक पातळीवर आम्हाला घ्या, असे जाहीर केले होते. ती मागणी सौंदडसारख्या गावात आणायला मोठी संस्था लागत नाही. सर्वेक्षणाच्या करारातच दोन अटी घालता येतील. अहवालाचा मराठी सारांश त्या गावात येऊन, कुणाची ओळख उघड न करता वाचायचा. आणि फॉर्म भरणाऱ्यांपैकी निदान एकाला पुढच्या अभ्यासाचा प्रश्न मांडायला बसवायचे, मार्गदर्शक सोबत देऊन. आमच्या तालुक्यात पदवी घेतलेल्या मुली आहेत. त्यांना रोजंदारीचे काम मिळते. त्यांचा प्रश्न अजून कुणी मागितलेला नाही.