विश्लेषण : सौरऊर्जा वाढली, तरी कोळसा सुटत का नाही?

देशाच्या स्थापित वीज क्षमतेतील निम्मा वाटा आता बिगरजीवाश्म स्रोतांचा, म्हणजे सौर, पवन, जल आणि अणुऊर्जेचा आहे, असे केंद्र सरकारने जुलै २०२५ मध्ये जाहीर केले. उद्दिष्ट २०३० चे होते, ते पाच वर्षे आधीच गाठले गेले. पण त्याच वर्षी मार्चमध्ये देशाच्या कोळसा उत्पादनाने एका आर्थिक वर्षात प्रथमच १०० कोटी टनांचा टप्पा ओलांडला होता. दोन्ही बातम्या खऱ्या आहेत आणि दोन्हींचे स्वागत तितक्याच उत्साहाने झाले.

निम्मी क्षमता, मग निम्मी वीज का नाही?

क्षमता म्हणजे प्रकल्प जास्तीत जास्त किती वीज देऊ शकतो, तो आकडा. १०० मेगावॉटचा सौर प्रकल्प रात्री शून्यावर असतो, ढगाळ दिवशी मंदावतो. वर्षभराची सरासरी काढली तर तो साधारण २० ते २५ मेगावॉटवर येतो. औष्णिक संच मात्र दिवसरात्र चालतो. त्यामुळेच आजही देशातील ७० टक्क्यांहून अधिक वीज कोळशातून येते.

अडचण दुपारची की संध्याकाळची?

दुपारी सौरवीज मुबलक असते. इतकी, की पारेषण वाहिन्या अपुऱ्या पडल्याने राजस्थानातील प्रकल्पांना काही वेळा उत्पादन कमी करावे लागते. सूर्य मावळतीकडे झुकला की ही वीज दोन-तीन तासांत संपते आणि नेमके तेव्हाच घरोघरी दिवे, पंखे, एसी सुरू होतात.

ही पोकळी कोळसा भरतो. पण औष्णिक संच बटण दाबताच सुरू होत नाही. थंड पडलेला बॉयलर तापवून पूर्ण भारावर यायला अनेक तास लागतात. म्हणून संध्याकाळी लागणारा संच दुपारीही धगधगत ठेवावा लागतो. तो किमान ५५ टक्के भारापर्यंत खाली आणता यावा, असा नियम आहे. ही मर्यादा ४० टक्क्यांपर्यंत नेण्याचे टप्पे केंद्रीय वीज प्राधिकरणाने आखले आहेत. मात्र भार सतत वर-खाली झाला की बॉयलरच्या नळ्यांवर ताण येतो आणि युनिटमागे कोळसाही जास्त जळतो.

यावर उपाय साठवणुकीचा. बॅटऱ्या स्वस्त होत आहेत. राज्यात घाटघरचा २५० मेगावॉटचा उदंचन प्रकल्प आहेच. शिल्लक विजेवर पाणी वर चढवायचे आणि मागणी वाढली की खाली सोडून वीज घ्यायची, हे त्याचे तत्त्व. दुसरा मार्ग मागणीच दुपारी सरकवण्याचा. शेतीपंपांना दिवसा वीज देणारी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना हेच करू पाहते.

कोळशावर आणखी काय अवलंबून आहे?

पैसा. रेल्वेच्या मालवाहतुकीत वजनाने निम्मा वाटा कोळशाचा असतो आणि मालवाहतुकीच्या कमाईतूनच प्रवासी तिकिटे स्वस्त राहतात. कोळशावरील १४ टक्के स्वामित्वधन झारखंड, ओडिशा, छत्तीसगड यांसारख्या राज्यांच्या तिजोरीत जाते. सौर प्रकल्प मात्र मोठ्या प्रमाणावर उभे राहिले ते राजस्थान आणि गुजरातमध्ये. महसूल एकाचा जाणार आणि गुंतवणूक दुसऱ्याकडे येणार, तर पहिला घाई कशाला करेल?

चंद्रपूरचे काय?

चंद्रपूर महाऔष्णिक केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट. आजूबाजूला वेकोलिच्या खाणी, रेल्वे सायडिंग, ट्रक, गॅरेज, खानावळी. प्रदूषण याच शहराने सोसले आणि चुलीही त्यावरच पेटल्या. केंद्र बंद झाले तर कायम कर्मचाऱ्याची बदली होऊ शकते, कंत्राटी कामगाराची नाही. सौर प्रकल्प एकदा उभा राहिला, की त्याला पॅनेल धुणारे, पहारेकरी आणि मोजके तंत्रज्ञ पुरतात.

दक्षिण आफ्रिकेत हे घडून गेले आहे. तेथील कोमाती केंद्राचा शेवटचा संच ऑक्टोबर २०२२ मध्ये बंद झाला. जागतिक बँकेच्या सुमारे ५० कोटी डॉलरच्या मदतीतून तेथे सौर, पवन प्रकल्प, बॅटऱ्या आणि प्रशिक्षण असा आराखडा होता. केंद्र आधी बंद झाले, पर्यायी रोजगार मागे राहिला. झळ बसली ती कंत्राटी कामगार आणि गावातील छोट्या व्यावसायिकांना.

चंद्रपूरचे पहिले दोन संच यापूर्वीच बंद झाले आहेत. चालू असलेल्यांपैकी सर्वांत जुने, प्रत्येकी २१० मेगावॉटचे दोन संच १९८० च्या दशकातील आहेत.