एकाला हवं पाणी, दुसऱ्याला नको पाणी!

मुलांनो, तुमच्या घराच्या मागच्या दाराशी थोडीशी मोकळी जागा आहे का? नसेल, तर आजोळी किंवा मामाच्या गावी तरी नक्की असेल. कर्जत-खालापूरकडच्या गावांतून फिरलात, तर घरोघरच्या परसदारी दोन ओळखीची मंडळी भेटतील. मोरीच्या पाण्याच्या वाटेवर हत्तीच्या कानासारखी पानं हलवत उभं असलेलं अळू, आणि कुंपणाच्या कडेला लांबलचक शेंगा लोंबवत उभा असलेला शेवगा.

दोघंही आपल्या ताटात येतात. दोघंही फारसे लाड न करता वाढतात. पण स्वभावाने दोघं अगदी उलटे! समजा, आई म्हणाली, "जागा एकच आहे, दोघांपैकी एकच लाव." तर तुम्ही कोणाला निवडाल? घाई करू नका. आधी दोघांची नीट ओळख करून घेऊ.

पाऊस चार महिने, वर्ष बारा महिन्यांचं

कर्जत-खालापूर हा सह्याद्रीच्या पायथ्याचा भाग. इथे वर्षाला ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. म्हणजे सगळं पाणी जिथल्या तिथे साठून राहिलं, तर ३ मीटर उंच होईल, तुमच्या वर्गाच्या छताला टेकेल! पण हा पाऊस जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो आणि उतारावरून धावत निघून जातो.

उरलेले आठ महिने काय? भिवपुरीच्या वीजकेंद्रातून सुटणारं पाणी उल्हास नदीला मिळतं आणि खोपोलीच्या केंद्रातलं पाताळगंगेला. खोपोलीचं केंद्र १९१५ सालचं, तर भिवपुरीचं १९२२ सालचं. त्यामुळे नदीकाठच्या गावांना उन्हाळ्यातही पाणी दिसतं. पण डोंगरावरच्या ठाकर-कातकरी वाड्यांत मार्च-एप्रिलमध्ये विहिरी तळ गाठतात आणि डोक्यावर हंडे घेऊन लांब जावं लागतं. तेव्हा 'कोणत्या झाडाला किती पाणी?' हा फक्त विज्ञानाच्या पुस्तकातला प्रश्न नाही. तो घरातल्या हंड्याचा प्रश्न आहे.

अळू : पाण्यातलं पोर

अळूचं शास्त्रीय नाव कोलोकेशिया एस्क्युलेंटा. सुरण आणि पहिल्या पावसात डोकं वर काढणारं शेवळं ही त्याची भावंडं. अळूला ओल हवी, सावली चालते आणि पाय पाण्यात असले तरी ते कुजत नाही. बहुतेक झाडांची मुळं साचलेल्या पाण्यात गुदमरतात, कारण त्यांना हवा मिळत नाही. अळूच्या देठात मात्र हवेच्या बारीक पोकळ्या असतात. त्यांतून हवा खाली मुळांपर्यंत पोचते. देठ आडवा कापून पाहिलात, तर तो स्पंजासारखा दिसेल.

लावायचं कसं? जूनमध्ये कंद किंवा बाजूला फुटलेलं पिल्लू साधारण दोन-दोन फुटांवर लावा आणि भरपूर शेणखत घाला. दीड-दोन महिन्यांत पानं खुडायला येतात. मधली कोवळी पानं ठेवून बाहेरची काढत गेलात, तर ते पुन्हा पुन्हा देत राहतं. काळसर देठाचं अळू वड्यांसाठी, तर पोपटी देठाचं फतफत्यासाठी, हे आजीला विचारा, ती लगेच सांगेल.

अळू हे जगातल्या अतिशय जुन्या पिकांपैकी एक आहे. पापुआ न्यू गिनी देशातल्या कुक नावाच्या दलदलीत माणसं निदान ७,००० वर्षांपूर्वीपासून शेती करत आली आहेत. तिथल्या पुराव्यांत अळूचाही माग लागतो. २००८ साली युनेस्कोने ती जागा जागतिक वारसा म्हणून जाहीर केली. हवाई बेटांवर तर अळूच्या कंदाची 'पोई' हे लोकांचं रोजचं अन्न होतं.

शेवगा : कोरड्यातला गडी

शेवगा म्हणजे मोरिंगा ओलेफेरा. तो मूळचा आपल्याच देशातला, हिमालयाच्या पायथ्याच्या भागातला. त्याचं मूळ गाजरासारखं जाड होऊन खोल जातं आणि पाणी साठवून ठेवतं. म्हणून एकदा रुजला की तो उन्हाळ्यात न कुरकुरता उभा राहतो. पण त्याच्या बुंध्याशी पाणी साचलं, की मुळं कुजून झाड माना टाकतं. कर्जतच्या पावसात भाताच्या खाचरात शेवगा लावणं म्हणजे त्याला बुडवणंच! त्याला बांध, उतार किंवा मुद्दाम केलेला मातीचा उंचवटा हवा. आणि ऊन भरपूर हवं.

पावसाच्या सुरुवातीला हातभर लांब जाड फांदी रोवा, नाहीतर बी लावा. रोप कमरेएवढं झालं की शेंडा खुडा. वाईट वाटून घेऊ नका. शेंडा खुडल्यावर बाजूने फांद्या फुटतात आणि पाला-शेंगा हाताशी राहतात. उन्हाळ्यात शेंगा संपल्या की पावसाआधी फांद्या छाटून टाकाव्यात.

दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने या दोघांच्याही खास जाती कोकणासाठी दिल्या आहेत. अळूची 'कोकण हरितपर्णी' आणि शेवग्याची 'कोकण रुचिरा'. कर्जतचं भात संशोधनाचं केंद्र याच विद्यापीठाचं. तिकडे सहल गेली, तर जरूर विचारा.

ताटात कोण वरचढ?

शेवग्याच्या शेंगा आपण आमटीत चोखून खातो आणि पाला मात्र बऱ्याचदा फेकून देतो. खरी गंमत पाल्यातच आहे. १०० ग्रॅम ताज्या पाल्यात ६ ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात, अळूच्या पानांत साधारण ३ ते ४ ग्रॅम. कॅल्शियम दोघांतही आहे. पण अळूतलं बरंचसं कॅल्शियम ऑक्झलेटमध्ये अडकलेलं असतं, ते शरीराला मिळत नाही. सिंधुदुर्गात गोकुळाष्टमीला शेवग्याच्या पाल्याची भाजी आणि आंबोळ्या करतात. अळूचाही मान मोठा. ऋषिपंचमीच्या भाजीत त्याला जागा असतेच!

शेवग्याच्या बियांचा आणखी एक उपयोग आहे. वाळलेल्या बियांची पूड गढूळ पाण्यात ढवळली, की गाळ एकमेकांना चिकटून तळाशी बसतो. आफ्रिकेत सुदानमधल्या बायका नाईल नदीचं गढूळ पाणी असंच निवळत. पण लक्षात ठेवा, निवळलेलं पाणी जंतुमुक्त नसतं. ते उकळूनच प्यायचं.

सावध!

अळू कच्चं खाल्लं की घसा खवखवतो. का? त्यात ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात, ते घशाला टोचतात. म्हणून अळू चांगलं शिजवायचं आणि त्यात चिंच, आंबट चुका किंवा कोकम घालायचं. शेवळाच्या भाजीत काकडं घालतात, तीही याच खाजेसाठी. रानातलं अळूसारखं दिसणारं कोणतंही पान मोठ्यांना दाखवल्याशिवाय तोडू नका.

अळू गटाराच्या किंवा कारखान्याच्या सांडपाण्याच्या कडेला फोफावलं असेल, तर ते कितीही टवटवीत दिसो, घरी आणू नका. अशा पाण्यातून शिसं आणि कॅडमियमसारखे धातू पानांत येऊ शकतात, आणि धातू शिजवून जात नाहीत.

आणि शेवग्यावर कधीही चढू नका! त्याचं लाकूड भुसभुशीत असतं, फांदी काडकन मोडते. पावसाळ्यात त्याच्या खोडावर केसाळ सुरवंटांचे पुंजके बसतात, अंगाला लागले तर खाज सुटते. 'शेवगा दारात लावू नये' असं जुनी माणसं म्हणतात. त्यात अपशकुन वगैरे काही नाही, पण मोडणाऱ्या फांद्या आणि सुरवंट पाहिले की घरापासून चार पावलं लांब लावण्यात शहाणपण आहे हे पटतं.

मग कोणाला निवडाल?

घरात नळ आहे, भाज्या-तांदूळ धुतल्याचं पाणी रोज वाहून जातं, जागा सखल आहे? तर अळू लावा. वाया जाणारं पाणी ताटात येईल. पाणी दुरून आणावं लागतं, जागा उताराची आणि उन्हाची आहे? तर शेवगा लावा. पहिला उन्हाळा थोडं पाणी देऊन सांभाळलात, की पुढे तो तुमच्या हंड्यात वाटा मागणार नाही. आणि जागा दोघांपुरती असेल, तर वर शेवगा, खाली अळू! शेवग्याची सावली विरळ असते, ती अळूला मानवते.

करून पाहा : अळूच्या पानावर पाण्याचे चार थेंब टाका. ते मोत्यांसारखे घरंगळतील, पान कोरडंच राहील. पानावर मेणाचा थर आणि अतिशय बारीक उंचवटे असतात, त्यांवर पाणी टेकतच नाही. 'अळवावरचं पाणी' म्हणतात ते हेच! आता शेवग्याच्या पाल्यावरही थेंब टाका आणि काय दिसतं ते वहीत लिहा.

पालकांसाठी : या जूनमध्ये मुलांना परसदारातला एक कोपरा द्या. जागा त्यांना निवडू द्या, पण पाऊस पडत असताना त्यांना घेऊन एकदा बाहेर जा आणि पाणी कुठे साचतं, कुठून वाहून जातं ते दाखवा. कुठे काय लावायचं, हे त्यांना तिथेच कळेल.