चंद्राचा उदयास्त व शेतकऱ्याची रात्र

शेतीचें काम दिवसाचें, असें म्हणण्याची रीत असली तरी रात्रीची शेती कोणास चुकली आहे? हंगामांतील जागल, पाळीनें येणारें पाटाचें पाणी, वीज रात्रीची असेल तेव्हां पंपापर्यंत मारावी लागणारी फेरी, हीं सर्व कामें सूर्यास्तानंतरचीं. बांधावर पडलेलें जनावर अंधारांत दिसत नाहीं, आणि हातांतील विजेरी ऐन वेळीं विझते. यास्तव कोणत्या रात्रीं किती वाजेपर्यंत चांदणें राहील, हें आधीं सांगतां येणें ही केवळ हौसेची विद्या नव्हे. तिचें गणित सोपें असून घरच्या पंचांगावरून कोणासहि करतां येतें.

चंद्रास स्वतःचा प्रकाश नाहीं. त्याच्या अर्ध्या गोलावर सूर्याचें ऊन पडतें व त्या भागाचा जेवढा अंश आपल्या दृष्टीस पडतो, तेवढी कला आपणांस दिसते. पृथ्वीभोंवतीं एक फेरा पुरा करण्यास चंद्रास सुमारें २७ दिवस ८ तास लागतात; परंतु तेवढ्या अवधींत सूर्यहि ताऱ्यांमधून पुढें सरकलेला दिसत असल्यामुळें त्यास पुन्हा गांठण्यास चंद्रास आणखी दोन दिवसांहून अधिक काळ लागतो. म्हणून एका अमावास्येपासून दुसरीपर्यंत सरासरी २९ दिवस १२ तास ४४ मिनिटें होतात. सूर्यापासून चंद्र १२ अंश पुढें गेला कीं एक तिथि पुरी होते, व अशा ३० तिथींचा आपला महिना.

आतां आकाशाचे ३६० अंश २४ तासांत फिरतात. तेव्हां १२ अंशांस ४८ मिनिटें, म्हणजे बरोबर दोन घटका लागतात. यावरून नियम असा निघतो : तिथीची दुप्पट करावी, शुद्ध पक्षांत सूर्यास्तानंतर तितक्या घटकांनीं चंद्र मावळतो, व वद्य पक्षांत तितक्याच घटकांनीं तो उगवतो.

शुद्ध ४ : सूर्यास्तानंतर ३ तास १२ मिनिटांनीं अस्त.
शुद्ध ८ : ६ तास २४ मिनिटांनीं अस्त.
शुद्ध १० : ८ तासांनीं अस्त.
पौर्णिमा : सूर्यास्ताच्या सुमारास उदय; रात्रभर चांदणें.
वद्य ५ : ४ तासांनीं उदय.
वद्य ८ : ६ तास २४ मिनिटांनीं उदय.

उदाहरणार्थ, मार्गशीर्षांत सूर्य सहाच्या सुमारास मावळला व तिथि वद्य पंचमी असली, तर चंद्र दहाच्या सुमारास उगवेल. पाण्याची पाळी आठ वाजतां सुरू होणार असल्यास पहिले दोन तास अंधाराचे, हें जाणून कंदिलाची सोय करावी.

हा नियम स्थूल आहे. पंचांगांतील तिथि सूर्योदयाची असते. रात्रीं ती बदललेली असल्यास तिच्यापुढें दिलेली समाप्तीची वेळ पाहून पुढील तिथि धरावी. शिवाय चंद्राची गति सारखी नसते, व त्याचा मार्ग क्षितिजाशीं नेहमीं एकच कोन करीत नाहीं. आश्विनी पौर्णिमेच्या सुमारास आपल्या प्रांतीं चंद्रोदय रोज चाळीसेक मिनिटांनींच लांबतो. फाल्गुन-चैत्रांत हेंच अंतर पन्नास मिनिटांवर जातें. म्हणून अर्ध्या-पाऊण तासाची चूक गृहीत धरून वागावें.

प्रकाशाविषयींहि एक गैरसमज आहे. अष्टमीचा चंद्र अर्धा दिसतो, तेव्हां चांदणेंहि पौर्णिमेच्या निम्मे असेल, असें वाटतें. वास्तविक तें सुमारें एकदशांशच असतें. काम करण्याजोगा उजेड म्हणून शुद्ध एकादशीपासून वद्य तृतीयेपर्यंतच्याच रात्री धराव्या.

कीड पकडण्यासाठीं जे प्रकाशसापळे लावतात, त्यांसहि ही गोष्ट लागू आहे. भर चांदण्यांत दिव्याचें आकर्षण मंदावतें व सापळ्यांत पतंग कमी पडतात. पौर्णिमेच्या आठवड्यांत सापळा रिकामा दिसला म्हणून कीड हटली, असें समजून स्वस्थ बसणारा शेतकरी फसतो. तुलना करावयाची ती एका अमावास्येची दुसऱ्या अमावास्येशीं करावी.

किनाऱ्यावरील खारजमिनीच्या मालकांस तर चंद्र हा जमाखर्चाचाच विषय आहे. अमावास्या व पौर्णिमेस सूर्य आणि चंद्र यांचें आकर्षण एका रेषेंत येऊन उधाणाची भरती येते. तिचा जोर बहुधा एक-दोन दिवस मागाहून शिगेस पोहोंचतो. अष्टमीच्या सुमारास भांगाची, म्हणजे कमी चढाची भरती असते. मुंबईच्या आसपास तिथीची पाऊणपट केली असतां पूर्ण भरतीची वेळ स्थूलमानानें मिळते : चतुर्थीस तीन, अष्टमीस सहा. पावसाळ्यांत मोठें उधाण व मुसळधार पाऊस एकाच दिवशीं आले, कीं भरतीमुळें उघाडी बंद राहून पावसाचें पाणी आंत तुंबतें, आणि बाहेरून समुद्र बांधावर चढतो. त्या वेळीं खेकड्यानें पोखरलेलें एक भोंकहि बांध फोडण्यास पुरतें. आणि खारें पाणी एकदां आंत शिरलें, कीं त्या हंगामाचें भात तर जातेंच, पण पुढल्या सालींहि तें नीट येईल याचा भरंवसा नसतो. म्हणून बांधाची पाहणी व डागडुजी भांगाच्या दिवसांत उरकावी. उधाणाच्या तोंडावर फावडें शोधीत फिरूं नये.

अमुक कलेस पेरल्यास पीक अधिक येतें, असाहि समज पुष्कळ ठिकाणीं आहे. त्यास निर्णायक प्रयोगाचा आधार नाहीं. पेरणी ओलीवर करावी, तिथीवर नव्हे. चंद्राकडून घ्यावयाचें तें वेळेचें ज्ञान.

वाचकांनीं येत्या अमावास्येपासून एक महिना वहींत रोज तिथि, सूर्यास्त आणि चंद्राचा उदय किंवा अस्त टिपून वरील नियमाशीं ताडून पाहावा. महिन्याअखेर पंचांग न उघडतांहि नुसत्या कोरेवरून रात्रीचा अंदाज बांधतां येऊं लागेल, आणि घरांतील मुलांसहि तो शिकवितां येईल.