आवाज उशिरा का येतो?

कोल्हापूरच्या देवल क्लबसारख्या ठिकाणी बैठक रंगते, तेव्हाही तबल्याचा ठेका गायकाच्या कानी तत्क्षणी पोहोचत नाही. ध्वनीला एक मीटर कापायला सुमारे ३ मिलिसेकंद लागतात. दोन मीटरवरच्या तबल्याचा हा ६ मिलिसेकंदांचा उशीर कुणालाच खुपत नाही.

घरच्या संगणकावर गाणं ध्वनिमुद्रित करताना मात्र तो खुपतो. संगणक आवाजाचे नमुने, म्हणजे सॅम्पल, गोळा करून एकेका गठ्ठ्याने हाताळतो. या गठ्ठ्याला बफर म्हणतात. सेकंदाला ४८,००० सॅम्पल आणि १०२४चा बफर असेल, तर एक गठ्ठा भरायला २१ मिलिसेकंद जातात. आत येताना एकदा, बाहेर जाताना पुन्हा एकदा. म्हणजे ४२च्या वर. जणू साथीदार चौदा मीटर लांब बसलाय! गायकाला तर याचा दुहेरी त्रास. स्वतःचा आवाज हाडांतून लगेच ऐकू येतो आणि हेडफोनमधून मागाहून, त्यामुळे लय डळमळते.

म्हणून गाताना बफर १२८ किंवा ६४वर आणावा. आवाज तडतडू लागला तर थोडा वाढवावा. विंडोजवर ऑडिओ इंटरफेसच्या, म्हणजे माइक संगणकाला जोडणाऱ्या उपकरणाच्या, कंपनीचाच एएसआयओ हा कमी उशिराचा ड्रायव्हर वापरावा. ब्लूटूथ हेडफोन नकोच, त्याचा उशीर अनेकदा शंभर मिलिसेकंदांपलीकडे जातो. माझ्या मते सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटरिंग: माइकचा आवाज संगणकात न फिरता थेट कानात येतो. मिक्सिंगच्या वेळी गायचं नसतं, तेव्हा बफर खुशाल वाढवा.