शिंप्याच्या स्नायूखालची सुई

आमच्या भागात गुडघ्याचं ऑपरेशन झालं असं कुणी म्हणत नाही, ‘वाटी बदलली’ म्हणतात. अजिंठ्याच्या बाजारात दोन बायका भेटल्या की विचारपूस तिथूनच सुरू होते: वाटी बदलली का, कुठे बदलली, आता चालता येतं का. खरं तर वाटी, म्हणजे गुडघ्याच्या पुढचं ते गोल हाड, पुष्कळदा आपल्या जागीच राहतं. झिजलेलं असतं ते मांडीच्या हाडाचं खालचं टोक आणि नडगीचं वरचं टोक. त्यांचा काही मिलिमीटरचा थर कापून वर धातूची टोपी, खाली धातूची बैठक आणि दोन्हींच्या मध्ये प्लास्टिकची गादी बसवतात. बैलाच्या झिजलेल्या खुराला पत्री मारावी, तशातलाच हा प्रकार.

माझ्या आईची उजवी वाटी अशीच बदलली. मिरचीचे देठ खुडायला, चुलीपुढे, भांडी घासायला, सगळीकडे उकिडवं बसण्यात तिचं आयुष्य गेलं. वय, वजन आणि घराण्यातून आलेली ठेवण ही झिजेची मोठी कारणं खरी, पण उकिडवं बसताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार येतो, हेही खरं. शेवटच्या दोन वर्षांत तिचा पाय धनुष्यासारखा बाहेर वाकला होता आणि ओट्यावरून उतरताना ती भिंत धरायची.

ऑपरेशन ठरलं तेव्हा आम्ही भावंडांनी डॉक्टरांना तीनच गोष्टी विचारल्या: सांधा कोणत्या कंपनीचा, खर्च किती, घरी कधी सोडणार. सांध्याच्या किमतीबद्दल लोक आता जागरूक आहेत. २०१७ मध्ये केंद्र सरकारनं कमाल किंमत ठरवून दिली आणि नेहमीचा कोबाल्ट-क्रोमियमचा सांधा, जो त्याआधी दीड लाखाच्या घरात जायचा, तो ५५ हजारांच्या आसपास आला. ऑपरेशनची भीतीही पूर्वीइतकी उरलेली नाही. पंतप्रधान असताना वाजपेयींचे दोन्ही गुडघे २००० आणि २००१ मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडीत डॉ. चित्तरंजन राणावत यांनी बदलले, तेव्हापासून हे ऑपरेशन घरोघरी माहीत झालं. पण ऑपरेशनच्या रात्री जे दुखेल त्याचं तुम्ही काय करणार, हा प्रश्न आमच्यापैकी एकालाही सुचला नाही. आई तर म्हणाली, ‘चार बाळंतपणं सोसली, हे काय जड आहे?’

मला लिहायचं आहे ते या ‘सोसण्या’बद्दल.

गुडघ्याचं दुखणं सोसलं की सोसणाऱ्याचं कौतुक होतं आणि गुडघ्याचं नुकसान. दुखतं आणि सुजतं तेव्हा शरीर मांडीच्या पुढच्या मोठ्या स्नायूला जणू कुलूप लावतं. बाईनं कितीही मनावर घेतलं तरी पाय उचलला जात नाही. पाय हलला नाही की सांध्याभोवती व्रणाचे चिवट धागे धरू लागतात, आणि पहिल्या काही आठवड्यांत जो गुडघा वाकला नाही, तो पुढे वाकवायला फार कष्ट पडतात. कधीकधी पुन्हा भूल देऊन वाकवावा लागतो. शिवाय झोप नाही, रक्तदाब वर, साखर वर, आणि पडून राहिल्यानं पोटरीत रक्ताची गुठळी होण्याचा धोका. म्हणून वेदना थांबवणं हा ऑपरेशनचाच भाग आहे. तो वरून केलेला लाड नव्हे.

त्याचं आजचं एक चांगलं साधन म्हणजे नर्व्ह ब्लॉक. पाठीतलं इंजेक्शन सगळ्यांना माहीत असतं. त्यानं कमरेखालचा भाग तीन-चार तास बधिर राहतो आणि ऑपरेशन होतं. ब्लॉक ही दुसरी सुई, आणि ती मांडीत देतात. आदल्या संध्याकाळी भूलतज्ज्ञ मॅडम आल्या आणि आईला नीट दिसावं म्हणून त्यांनी माझ्याच मांडीच्या आतल्या बाजूला, मधोमध, बोट ठेवलं. ‘मावशी, इथे एक लांबट स्नायू आहे. मांडी घालून बसताना तो कामाला येतो. पूर्वीचे शिंपी मांडी घालून शिवायचे ना, म्हणून लॅटिनमध्ये त्याला शिंप्याचंच नाव आहे, सार्टोरियस. त्याच्या खाली एक बोगदा आहे. त्यात रक्तवाहिनी आहे आणि तिला लागून गुडघ्याकडून वेदना आणणारी नस. तिथे औषध सोडायचं.’ जन्मभर मांडी घालून बसलेल्या आईला हे एकदम पटलं.

सुई आंधळेपणानं जात नाही. सोनोग्राफीच्या पडद्यावर रक्तवाहिनी धडधडणारा काळा गोल दिसते, वर शिंप्याचा स्नायू होडीसारखा, आणि सुई एक चमकती रेघ होऊन आत येते. औषध सुटलं की त्या गोलाभोवती काळी ओल पसरावी तसं दिसतं. नसेतून वेदनेचा संदेश जातो तो सोडियमचे कण आत शिरल्यामुळे. बुपिव्हाकेन किंवा रोपिव्हाकेनसारखं औषध ती शिरण्याची दारं काही तास बंद करतं. वेदना गुडघ्यात असते, पण मेंदूपर्यंत पोचत नाही.

ही विद्या १८८४ पासूनची. त्या वर्षी व्हिएन्नात कार्ल कोलरनं कोकेनचे थेंब घालून डोळा बधिर केला आणि लगोलग अमेरिकेत विल्यम हॉलस्टेडनं तेच औषध नसेजवळ टोचून पाहिलं. स्वतःवर प्रयोग करता करता हॉलस्टेडला कोकेनचं व्यसन जडलं. पुढे त्यामानानं कमी धोक्याची औषधं आली, पण गुडघ्यासाठी सुई नेमकी कुठे द्यायची, याचं उत्तर गेल्या पंधरा-वीस वर्षांत बदललं. आधी ती जांघेत द्यायचे. दुखणं थांबायचं, पण मांडीचं बळही जायचं आणि उठून उभी राहिलेली बाई गुडघ्यात लचकून पडायची. आता ती मांडीच्या मध्यावर देतात. तिथे वेदनेच्या नसा बंद होतात आणि पाय उचलण्याची ताकद बरीचशी शाबूत राहते. गुडघ्याच्या मागच्या बाजूची वेदना वेगळ्या नसांतून जाते, म्हणून कधी पाठीमागेही एक सुई देतात आणि शल्यचिकित्सक स्वतः सांध्याभोवती औषध भरतात. २०२२ मध्ये भूलतज्ज्ञांच्या एका युरोपीय गटानं सगळा अभ्यास तपासून हाच सल्ला दिला: मांडीतला ब्लॉक, सांध्याभोवतीचं औषध, आणि जोडीला वेळेवर साध्या गोळ्या.

या ‘वेळेवर’ शब्दाचा अर्थ आम्हाला फार महागात कळला.

आईला ब्लॉक दिला तो दुपारी बाराच्या सुमारास. संध्याकाळी ती वॉकर धरून पलंगापासून दारापर्यंत गेली. मावशीला फोन करून म्हणाली, ‘अगं, काहीच दुखत नाही, उगाच घाबरले.’ रात्री नऊला सिस्टरनं गोळी आणली तर म्हणाली, दुखत नाही तर गोळी कशाला, पोटात आग पडते. सिस्टरनं गोळी टेबलावर ठेवली आणि मीही आग्रह केला नाही. पहाटे साडेतीनला मला जाग आली ती पलंगाच्या लोखंडी कडेच्या आवाजानं. आईनं कड मुठीत आवळली होती, ओठ दातांखाली धरले होते आणि आवाज न करता ती रडत होती. शेजारच्या पलंगावरच्या बाईची झोप मोडू नये म्हणून.

ब्लॉक उतरतो. एका सुईचा परिणाम साधारण बारा ते चोवीस तास टिकतो. तोवर गोळ्या पोटात गेलेल्या नसल्या तर दाबून धरलेली वेदना एकदम अंगावर येते. ते ऑपरेशन बिघडल्याचं लक्षण नव्हे. पण आईपर्यंत कुणी हे पोचवलं नव्हतं, त्या रुग्णालयातल्या कुणी नाही आणि मीही विचारलं नाही. गोळी दुखू लागल्यावर घ्यायची नसते. ब्लॉक उतरायच्या आत, दुखत नसतानाच घ्यायची. बहुतेकदा पॅरासिटामॉल आणि सूज उतरवणारी दुसरी गोळी, पण ज्यांचं मूत्रपिंड नाजूक आहे त्यांना ती दुसरी गोळी चालेलच असं नाही. म्हणून मधुमेह, रक्तदाब, मूत्रपिंडाचा त्रास, आणि विशेषतः रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती, हे सगळं भूलतज्ज्ञांना आधीच सांगायचं. सुई देताना ओठांभोवती मुंग्या आल्या, तोंडात धातूची चव आली, कानात गुंजलं, तर तेही तिथल्या तिथे बोलायचं. तिथे गप्प राहणं धोक्याचं असतं.

त्या पहाटेनंतर मला राहून राहून आमच्या गावाची एक जुनी गोष्ट आठवत राहिली. २३ सप्टेंबर १८०३ ला असईची लढाई झाली. असई इथून जवळच, भोकरदनच्या बाजूला. लढाईनंतर इंग्रजांचा सेनापती वेलस्ली यानं जखमींसाठी रुग्णालय उभारलं ते अजिंठ्यात. एकट्या इंग्रजांच्या बाजूचेच अकराशेवर जखमी होते आणि काहींना कित्येक दिवस कुणी हात लावू शकलं नव्हतं. ईथरची भूल जगाला मिळाली १८४६ मध्ये. तोवर पाय कापायचा तर अफू, दारू आणि घट्ट धरून ठेवणारी चार माणसं, एवढाच उपाय होता. त्या माणसांनी सोसलं कारण दुसरा मार्गच नव्हता. माझ्या आईपुढे मार्ग होता, टेबलावर, पाण्याच्या पेल्याशेजारी.

सकाळी दुखणं आटोक्यात आलं आणि फिजिओथेरपिस्ट मुलगी आली. तिनं आईला पलंगाच्या कडेवर बसवून पाय खाली लोंबते सोडायला लावले. मला सव्वीस नंबरच्या लेण्यातला स्तूपावरचा बुद्ध आठवला, पाय खाली सोडून, खुर्चीवर बसावं तसा बसलेला. प्रलंबपादासन म्हणतात त्याला. आईला म्हटलं, तशी बस. गुडघा नव्वद अंशांपर्यंत आपसूक येतो. जिने चढायला साधारण एवढंच वाकणं लागतं. मांडी घालायला आणि उकिडवं बसायला बरंच जास्त लागतं, आणि बदललेल्या गुडघ्यावर तो भार बहुतेक डॉक्टर नकोच म्हणतात.

घरी आल्यावर कसोटी नातेवाइकांची असते. संभाजीनगर आमच्यापासून शंभरेक किलोमीटर, रोज फिजिओ येणार कुठून? आमच्या काकूनं प्रेमानं गुडघ्याखाली उशी दिली. ती काढावी लागली. उशीवर आराम वाटतो, पण गुडघा वाकलेलाच राहतो आणि सरळ होणं विसरतो. उशी नको, टाचेखाली गुंडाळलेला टॉवेल हवा, म्हणजे गुडघा आपल्या वजनानं खाली बसतो. व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी गोळी, नंतर कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटं. पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा. बसायला खुर्ची, संडासाला कमोड. पोटरी एकाएकी सुजली-दुखली, दम लागला, ताप आला, जखम ओलावली किंवा पाऊल वर उचलता येईना, तर उद्यावर ढकलायचं नाही.

आता डावा गुडघा करायचा आहे. मागच्या आठवड्यात तपासणीला गेलो, तर भूलतज्ज्ञ मॅडमनी विचारलं, ‘मावशी, काही शंका?’ आईनं पिशवीतून माझ्या मुलीच्या वहीचं पान काढलं. त्यावर तिनं एकच ओळ लिहवून घेतली होती. पान पुढे करत म्हणाली, ‘ते औषध किती वाजता उतरणार, तेवढं इथे लिहून द्या. त्याच्या दोन तास आधीचा गजर लावते.’