मोलकरणीचे मोल आणि राज्याचा कायदा

आपल्या धर्मग्रामांत दानधर्माला तोटा नाही, हे आम्ही कृतज्ञतेने मान्य करतो. संत विन्सेंट द पॉल संस्थेचे सभासद गरिबांच्या घरी तांदूळ पोहोचवितात, आजाऱ्याच्या औषधाचे पैसे भागवितात, शाळेची फी भरतात. नाताळात वस्त्रदान होते, उपवासकाळात धान्य जमते. परंतु एखादी धर्मभगिनी किंवा एखादी सेवाभावी संस्था मजूर खात्याच्या कचेरीत अर्ज घेऊन गेली, आमदारांना भेटली, अमुक विधेयकात अमुक कलम घाला म्हणून आग्रह धरू लागली, की आपल्यांतीलच कित्येक सज्जन भुवया उंचावतात. ‘हे राजकारण कशाला? आपण दया करावी, कायदा करणारे कायदा करतील,’ असा त्यांचा सूर असतो.

या शंकेचा विचार एका उदाहरणाच्या आधारे करावा, असे आम्हांस वाटते. ते उदाहरण दूरचे नाही. सकाळी आपल्या घरची भांडी घासणारी, फरशी पुसणारी, आपल्या वृद्ध मातापित्यांना स्नान घालणारी जी बाई, तिचेच हे उदाहरण आहे. आपल्या धर्मग्रामांत अशा बाईला कामाला ठेवणारी कुटुंबे आहेत, आणि अशी कामे करून पोट भरणारी कुटुंबेही आहेत. झारखंड, छत्तीसगड व ओडिशा या प्रदेशांतून कामासाठी शहरांत आलेल्या आदिवासी मुलींत तर आपल्या श्रद्धेच्या पुष्कळ जणी आहेत. दोन्ही पक्ष एकाच वेदीपुढे गुडघे टेकतात. म्हणून हा प्रश्न आपल्या घरचा आहे.

ती कामगार नव्हे काय?

स्वातंत्र्यानंतर गिरणीकामगाराला कायद्याचे संरक्षण मिळाले, खाणकामगाराला मिळाले, मळ्यांतील मजुरालाही मिळाले. घरात राबणारी बाई मात्र ‘नोकर’ म्हणून कायद्याच्या उंबऱ्याबाहेर राहिली. १९५९ साली संसदेत घरनोकरांच्या हितासाठी खासगी विधेयके मांडली गेली, पण त्यांतील एकही संमत झाले नाही. त्यानंतर अनेकदा असे मसुदे तयार झाले आणि फायलींत पडून राहिले.

कारण उघड आहे. गिरणीत हजार कामगार एका फाटकातून आत जातात. त्यांची संघटना फाटकावर उभी राहते. घरकाम करणारी बाई एकटी एका दारातून आत जाते. तिचे मालक चार-पाच, प्रत्येकाचा दर निराळा, प्रत्येकाची वेळ निराळी. आपले गाऱ्हाणे तिने कुठे आणि कोणाला सांगावे? तरीही १९८० साली पुण्यात मोलकरणींनी काम बंद ठेवून पगारवाढ मागितली आणि पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली, हे महाराष्ट्राच्या कामगार चळवळीतील एक ठळक पान आहे.

याच सुमारास एक बेल्जियन धर्मभगिनी या प्रश्नाकडे वळल्या. सिस्टर जान देवोस या मरियेच्या निष्कलंक हृदयाच्या मिशनरी भगिनींपैकी. १९६३ साली त्या भारतात आल्या. १९८५ मध्ये त्यांनी घरकामगारांची राष्ट्रीय चळवळ सुरू केली व तिचे केंद्र मुंबईत ठेवले. या चळवळीची पहिली मागणी पैशाची नव्हती. तिला नोकर म्हणू नका, कामगार म्हणा, ही ती मागणी होती. कोणास हा शब्दांचा खेळ वाटेल. परंतु कायदा शब्दांनीच चालतो. जिला कायदा कामगार मानीत नाही तिला किमान वेतन नाही, सुटी नाही, प्रसूतीची मदत नाही, आणि तक्रार ऐकणारा अधिकारीही नाही.

संस्थांनी काय केले?

मजूर हा विषय आपल्या राज्यघटनेप्रमाणे केंद्र आणि राज्य या दोघांच्याही अधिकारांतला आहे. म्हणून दिल्लीत दार उघडेना तेव्हा या चळवळीने व तिच्यासारख्या इतर संघटनांनी राज्यांच्या राजधान्यांची दारे ठोठावली. १९४८ च्या किमान वेतन कायद्यात एक सोय होती. एखादा धंदा परिशिष्टात नसला तरी राज्य सरकारला तीन महिन्यांची सूचना देऊन तो त्यात घालता येत असे. त्यासाठी नवा कायदा नको होता. सरकारची इच्छा मात्र हवी होती. कर्नाटकाने २००४ मध्ये, केरळने २००५ मध्ये, आणि आंध्र प्रदेश व राजस्थान यांनी २००७ मध्ये घरकामाला किमान वेतनाच्या कक्षेत आणले. तामिळनाडूने त्याच वर्षी घरकामगारांसाठी कल्याण मंडळ स्थापन केले. १० ऑक्टोबर २००६ पासून चौदा वर्षांखालील मुलांना घरकामास ठेवणे देशभर गुन्हा ठरले; त्यामागेही अशाच संस्थांचा अनेक वर्षांचा आग्रह होता.

महाराष्ट्रात २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळ अधिनियम झाला. सरकार, मालक आणि कामगार या तिन्ही पक्षांचे प्रतिनिधी मंडळावर असावेत, अठरा ते साठ वर्षे वयाच्या घरकामगारांची नोंदणी व्हावी, आणि नोंदलेल्यांना प्रसूती, मुलांचे शिक्षण, आजार, अंत्यसंस्कार अशा प्रसंगी साहाय्य मिळावे, अशी त्याची योजना आहे. संघटनांनी वर्षानुवर्षे मोर्चे काढले, निवेदने दिली, अधिवेशनाच्या काळात आमदारांच्या गाठी घेतल्या, तेव्हा हे घडले.

परंतु या कायद्याची मर्यादा प्रांजळपणे सांगितली पाहिजे. मजुरीचा दर, कामाचे तास, आठवड्याची सुटी यांविषयी तो मालकावर काहीच बंधन घालीत नाही. १९६९ च्या माथाडी कायद्याशी त्याची तुलना करून पाहावी. मुंबईत अण्णासाहेब पाटील आणि पुण्यात बाबा आढाव यांच्या चळवळींच्या बळावर झालेल्या त्या कायद्यात हमालाची मजुरी मालकाने मंडळाकडे भरावयाची, त्यावर ठरावीक अधिभार द्यावयाचा, आणि त्यातून भविष्यनिर्वाह निधी व इतर सोयी व्हावयाच्या, अशी पक्की व्यवस्था आहे. मोलकरणींच्या वाट्याला आले ते मुख्यत्वे सरकारी अनुदानावर उभे असलेले मंडळ. कायदा २००८ चा. मंडळ प्रत्यक्ष कामाला लागले ते २०११ मध्ये. पुढे त्याची मुदत संपल्यावर वेळेवर पुनर्रचना झाली नाही, नोंदण्यांचे नूतनीकरण रखडले, अशी संघटनांची सततची तक्रार राहिली.

याचे परिणाम महामारीत दिसले. २०२१ च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्र सरकारने नोंदणीकृत घरकामगारांना दीड हजार रुपयांचे साहाय्य जाहीर केले. ‘नोंदणीकृत’ हा एकच शब्द. पण जिच्या हाती मंडळाचे ओळखपत्र नव्हते तिच्यासाठी तो शब्द भिंत ठरला. विधिमंडळात विधेयक संमत झाले म्हणून संस्थांनी घरी जाऊन स्वस्थ बसावयाचे नसते, हा धडा यातून घ्यावयाचा आहे. नियम कोण करतो, निधी कोण देतो, मंडळावर कोण बसतो आणि अर्ज कोण भरून देतो, या चार प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत कायदा कागदावरच असतो.

आजची स्थिती

१६ जून २०११ रोजी जिनिव्हा येथे आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने घरकामगारांविषयीचा १८९ वा करार ३९६ विरुद्ध १६ मतांनी संमत केला. भारताने बाजूने मत दिले. परंतु त्यास अनुसमर्थन अद्याप दिलेले नाही. २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्याने खासगी घरालाही कामाची जागा मानले, आणि घरकाम करणाऱ्या स्त्रीला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे दाद मागण्याचा मार्ग दिला. २९ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने घरकामगारांसाठी कायदेशीर चौकट हवी की काय, याचा विचार करण्यासाठी समिती नेमण्याचा आदेश केंद्र सरकारला दिला. त्याच वर्षी २१ नोव्हेंबरला चार श्रमसंहिता अमलात आल्या आणि १९४८ चा किमान वेतन कायदा मजुरी संहितेत विलीन झाला. औद्योगिक संबंध संहितेने मात्र ‘उद्योग’ या शब्दाच्या व्याख्येतून घरगुती सेवा स्पष्टपणे वगळली आहे. उंबऱ्याबाहेर ठेवण्याची जुनी रीत अजून पुरती गेली नाही, असेच म्हणावे लागते.

बेळगाव व खानापूर भागांतील आमच्या वाचकांनी एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. आपण मराठी बोलत असलो तरी आपल्याला लागू होणारा कायदा कर्नाटकाचा आहे. तसाच गोव्यातील वाचकांना गोव्याचा, इंदूर-ग्वाल्हेरकरांना मध्य प्रदेशाचा, बडोद्याच्या वाचकांना गुजरातचा, हैदराबादकरांना तेलंगणाचा. कर्नाटक सरकारने २०२५ मध्ये घरकामगारांच्या सामाजिक सुरक्षेसाठी एका विधेयकाचा मसुदा पुढे आणला. नोंदणी आणि कल्याणनिधीत मालकाचाही वाटा, या कल्पना त्यात आहेत. मसुद्यावर लेखी सूचना पाठविणे हा नागरिकाचा हक्क आहे, आणि अशा प्रसंगी गप्प राहणाऱ्यांनी पुढे कुरकुर करू नये.

ख्रिस्तसभेचा या कामाशी संबंध काय?

आमच्या मते तो फार जुना आहे. विसाव्याच्या दिवशी तू विसावा घे, असे प्रभूने सांगितले तेव्हा तुझा दास आणि तुझी दासी यांनाही तुझ्याप्रमाणेच विसावा मिळो, हे अनुवादाच्या पाचव्या अध्यायात आवर्जून जोडले. त्याच ग्रंथाच्या चोविसाव्या अध्यायात गरीब मजुराची मजुरी सूर्य मावळण्याआधी द्यावी अशी आज्ञा आहे. अडवून ठेवलेली मजुरी देवापाशी ओरडते, असे संत याकोबाने आपल्या पत्रात बजाविले. मजुरीच्या या आज्ञा भिक्षेविषयीच्या नाहीत. त्या देण्याविषयीच्या आहेत.

१५ मे १८९१ रोजी तेरावे लिओ यांनी ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रात कामगाराचे योग्य वेतन हा न्यायाचा विषय ठरविला, आणि दुर्बळांच्या रक्षणासाठी राज्याने पुढे यावे असे सांगितले. २०२५ साली निवडून आलेल्या पोप महोदयांनी चौदावे लिओ हे नाव घेतले ते त्या परंपरेचे स्मरण करूनच. सोळावे बेनेडिक्ट यांनी २००५ च्या आपल्या पहिल्या परिपत्रात मर्यादाही आखून दिली आहे. न्याय्य समाज रचणे हे राज्यसंस्थेचे काम. ख्रिस्तसभेने राज्याची जागा घेऊ नये, परंतु न्यायाच्या लढ्यात तिने कडेलाही उभे राहू नये. म्हणून अमुक पक्षाला मत द्या असे आम्ही वेदीवरून सांगणार नाही. पण अमुक कायद्यात गरिबाला वगळले आहे, हे सांगणे मात्र आमचे कर्तव्य आहे.

आणि प्रथम आपले घर झाडले पाहिजे. ख्रिस्तसभेच्या कायदेसंहितेचे १२८६ वे कलम सांगते की, धर्मसंपत्तीच्या व्यवस्थापकांनी कामगारांविषयीचे नागरी कायदे पाळावेत व न्याय्य वेतन द्यावे. धर्मगुरूंच्या निवासातील स्वयंपाकी, कॉन्व्हेंटमधील झाडूवाली, शाळेतील आया यांचा पगार, सुटी व म्हातारपणाची तरतूद या कलमाखाली येते. आमदारापुढे निवेदन ठेवणाऱ्याची स्वतःची हजेरीवही स्वच्छ हवी.

मध्यमवर्गाची अडचण

काही वाचक म्हणतील, आम्हीही पगारदार माणसे. नवराबायको दोघे नोकरीला जातो, तेव्हा कुठे घर चालते. कायदा कडक झाला तर बाई परवडणार नाही, आणि तिचेच काम जाईल. ही भीती खोटी नाही. म्हणूनच सारा भार एका कुटुंबावर न टाकता मंडळाच्या द्वारे सरकार, मालक आणि कामगार यांनी तो वाटून घ्यावा, ही योजना आम्हांस शहाणपणाची वाटते. अनेक घरी थोडा थोडा वेळ काम करणाऱ्या बाईला प्रत्येक घराने तासांच्या हिशोबाने थोडा वाटा दिला, तर कोणा एकाचे कंबरडे मोडत नाही. शिवाय, आपल्या स्वस्ताईचा भार तिच्या मुलांच्या शाळेने आणि तिच्या म्हातारपणाने का सोसावा, याचे उत्तर आपण आपल्या विवेकबुद्धीला दिले पाहिजे.

करावयाच्या चार गोष्टी

पहिली, आपल्या घरी काम करणाऱ्या बाईला आठवड्याची भरपगारी सुटी द्यावी, आणि ती कॅथलिक असेल तर रविवारच्या मिस्साला जाता येईल अशा बेताने द्यावी. दुसरी, धर्मग्रामाच्या महिला मंडळाने व युवकांनी वर्षातून एकदा नोंदणीचे शिबिर भरवावे. आधार कार्ड, बँकेचे पासबुक आणि वयाचा दाखला गोळा करून अर्ज भरून द्यावेत. ज्या राज्यात मंडळ नसेल तेथे केंद्राच्या ई-श्रम नोंदणीत तरी तिचे नाव घालावे. तिसरी, अधिवेशनापूर्वी आपल्या आमदारांना एक साधे, सह्यांचे पत्र द्यावे. त्यात राग नको, विशेषणे नकोत. आपल्या राज्यात घरकामगारांसाठी काय आहे, काय नाही आणि काय हवे, एवढे लिहावे. चौथी, त्या पत्रावर मालकिणीची सही पहिली असावी. मोलकरणीची मागणी सरकार कानाआड करते. पण तिला कामावर ठेवणारीही तेच मागू लागली, म्हणजे उत्तर देणे भाग पडते.

इटलीतील लुका या नगरात तेराव्या शतकात झिता नावाची एक मोलकरीण होऊन गेली. बाराव्या वर्षी ती एका श्रीमंत घराण्यात कामाला लागली आणि १२७२ साली मरेपर्यंत तेथेच राबली. ख्रिस्तसभेने तिला संतपद दिले आणि घरकाम करणाऱ्यांची आश्रयदाती मानले. २७ एप्रिल हा तिचा सण. येत्या सणाला धर्मग्रामातील घरकाम करणाऱ्या भगिनींसाठी मिस्सा अर्पावी, त्यांना पुढच्या बाकांवर बसवावे, आणि मिस्सानंतर सभागृहात नोंदणीचे अर्ज ठेवावेत, अशी आमची सर्व धर्मगुरुबंधूंस व वाचकांस नम्र विनंती आहे.